खिंडीतली परळं

त्या साली थंडी आलीच नाही. दिवस आखूड झाले, झाडांनी पानं टाकली, विहिरीवरचं गवत वाळलं, पण पहाटे पांघरूण ओढून घ्यावं असं कुणाला वाटेना. गाव खूश होतं. म्हातारी माणसं खोकल्याविना झोपत होती, लेकरं उघडी हिंडत होती. जीव टांगणीला लागला होता तो एकाच घराचा, सोरा काढणाऱ्यांचा.

गावाच्या कडेला एक मोठा ढिगारा होता. गोठ्यांची जुनी माती, चुलींची राख, पडक्या भिंतींचे पोपडे, असं सगळं पिढ्यान् पिढ्या तिथं येऊन पडलं होतं. ती माती खणायची, गवत अंथरलेल्या खड्ड्यात भरायची आणि वरून पाणी सोडायचं. खालून थेंब थेंब तांबूस खारवणी पाझरायचं. ते चुलाणावर कढईत आटवायचं, तळाशी बसलेलं मीठ लाकडी फावड्यानं ओढून काढायचं आणि वरचं कढत पाणी संध्याकाळी अंगणात मांडलेल्या मातीच्या पसरट परळांत ओतायचं. पहाटेपर्यंत परळांत सोऱ्याच्या सुया उभ्या राहायच्या, लांब, पांढऱ्या, हात लावला तर टोचणाऱ्या. त्या काढून घेतल्या की उरलेलं पाणी पुन्हा कढईत. काच कारखान्याचा मुकादम महिन्याच्या अखेरीला येऊन पोती घेऊन जायचा. काच साफ निघायला सोरा लागतो म्हणत.

घरात तिघंच. म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. म्हाताऱ्याचे डोळे चुलाणाच्या धुरानं कधीच गेले होते. उजेड आणि अंधार एवढं त्याला कळायचं. पण कढई उतरवायची वेळ तोच सांगायचा. काडीनं एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, फुंकर घालायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चाचपायचा. नखावर कण उठला की उतरवा. मुलगा चाळिशीला आला तरी ही परीक्षा म्हाताऱ्यानं त्याच्या हाती दिली नव्हती. सुनेला तर तो परळांच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही. ती कुंभाराच्या घरातून आली होती, परळं तीच घडवायची, भाजायची, घोटून गुळगुळीत करायची. पण एकदा पाणी ओतलं की तिनं लांब राहायचं. बायकांच्या पावलांनी जमीन हलते आणि सुई मोडते, असं म्हातारा म्हणायचा. रागावला की तिला नुसतं 'कुंभाराची' म्हणून हाक मारायचा. रागावलेला तो बहुतेक वेळा असायचाच.

तर त्या साली रोज संध्याकाळी परळं भरली जात होती आणि रोज पहाटे त्यांत जसंच्या तसं पाणी दिसत होतं. तळाशी चिमूटभर दाणे असले तर असले. म्हातारा बोटं बुडवायचा, चारी कडांनी फिरवायचा आणि बाहेर काढून धोतराला पुसायचा. मग उघड्या अंगानं अंगणात बसून राहायचा, थंडी कधी पडते ते अंगाला कळावं म्हणून. एकदा सुनेनं त्याला जमिनीवर गाल टेकून पडलेला पाहिला. पडलाबिडला की काय म्हणून ती धावली, तर तो म्हणाला, जमीन अजून गरम आहे.

मुलाला हे वाट पाहणं सोसेना. मुकादम मागच्या फेरीला स्पष्ट सांगून गेला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून दट्ट्या होता. ठरलेला माल हंगाम संपायच्या आत आला नाही, तर कारखाना बंदरावरून पोत्यांनी सोरा मागवणार होता, आणि एकदा ती गाडी सुरू झाली की इथला सोरा कुणी हुंगणार नव्हतं. ढिगाऱ्याच्या जागेचा मालकही टपलेलाच होता. त्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. कारखान्याचा शब्द होता म्हणून तो इतकी वर्षं गप्प बसला होता.

मुलानं मग कढई जास्त आटवायला घेतली. म्हातारा नको म्हणाला. गरम पाणी हावरट असतं, म्हणाला. पोटात मावेल तितका सोरा भरून घेतं आणि गार झालं की ओकून टाकतं. पण मिठाचं तसं नाही. मीठ गरम पाण्यात काय नि गार पाण्यात काय, सारखंच विरतं. पाणी कमी केलंस की आधी मीठ सुटेल, आणि तुझ्या फावड्याला ते सगळं सापडायचं नाही. मुलानं ऐकलं नाही. सरपणासाठी तो आणि बायको दिवसभर काटेरी झुडपं तोडत राहिले. तिच्या पंज्यांत काटे मोडले, त्याचा आवाज धुरानं बसला. कढईतलं पाणी काकवीसारखं दाट झालं तेव्हा त्यानं ते परळांत ओतलं.

पहाटे परळांचे तळ पांढरे झाले होते. मुलगा हरखला. म्हाताऱ्यानं चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. मुलानं तरी पोती भरली.

मुकादमानं पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर माल तळहातावर घेऊन पाहिला. मग चुलाणातला एक निखारा चिमट्यानं बाहेर काढायला लावला आणि त्यावर चिमूट टाकली. चांगला सोरा निखाऱ्यावर भपकन पेटतो. हा तडतडला. दुसरी चिमूट टाकली, तीही तडतडली. मुकादम म्हणाला, हे भाजीत घाला. आणि पोतं उचलून रस्त्याच्या कडेला पालथं केलं. गाढवं हाकत जाणारे दोघं थांबून बघत होते. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. सून केरसुणी घेऊन आली आणि तो पांढरा ढीग झाडून भरू लागली, तर नवरा तिच्यावर खेकसला, राहू दे म्हणून. तरी तिनं झाडून घेतलंच. रस्त्यात आपली लाज पसरून ठेवायला तिला होईना.

त्यानंतर तिनं परळं ओल्या पोत्यांवर मांडून पाहिली. माहेरी माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. म्हातारा कुरकुरला, पण अडवलं नाही. वारा होता तोवर खरंच बोटभर सुया आल्या. तिघांनाही उमेद आली. ती विहिरीवरून पाणी ओढत राहिली, पोती भिजवत राहिली. मग ढग आले, वारा पडला, हवा दमट झाली आणि ओली पोती नुसती कुबट वास मारत पडली. परळांत पुन्हा पाणीच.

त्या दिवशी दुपारी ती सरपणाला डोंगराच्या अंगाला गेली होती. वर खिंड होती. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन जाणाऱ्यांनी तिथं दगडांची एक खोपटी रचलेली होती. ती खिंडीपर्यंत चढली, तर कानाला वारा झोंबला. खोपटीच्या सावलीतल्या डबक्यावर पापुद्र्यासारखा बर्फ होता. तिनं तो उचलून तोंडात घातला, दात ठणकेपर्यंत चघळला आणि मोळी तिथंच टाकून खाली पळाली.

नवऱ्याला पटायला वेळ लागला नाही. बुडत्याला दोर मिळाल्यासारखं त्यानं ते धरलं. खालीच आटवायचं, पत्र्याच्या डब्यांत भरायचं, डब्यांना गवत आणि पोती गुंडाळायची आणि कावडीनं वर न्यायचं. वाटेत रेंगाळून चालणार नव्हतं. पाणी दाट, वर जसजशी हवा गार तसतसं ते डब्यातच जमून बसणार, आणि तसा गठ्ठा फोडून काढला तर माती-मीठ सगळं एकत्र. प्रश्न राहिला तो म्हाताऱ्याचा. परळं कधी निथळायची ते कोण सांगणार? लवकर निथळली तर अर्धा सोरा पाण्यात जातो. उशीर झाला आणि ऊन पडलं, तर उभ्या सुया पुन्हा विरघळायला लागतात.

म्हातारा म्हणाला, मी येतो.

मुलानं त्याला पाठुंगळी घेतलं, सुनेनं लुगड्याची झोळी करून त्याच्या पाठीशी बांधलं. म्हातारा हाडांचा सापळा होता, तरी चढ तो चढच. मुलाला धाप लागली. म्हातारा त्याच्या कानाशी म्हणाला की तू लहान असताना माझ्या पाठीवर किती वेळा मुतलास ते आठवतंय ना, आता मला लागली तरी थांबणार नाही. सून मागून परळांची उतरंड डोक्यावर घेऊन येत होती. ती हसली. घरात कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते, म्हणून असेल, म्हाताराही मग वाटभर काहीबाही बोलत राहिला.

पहिल्याच पहाटे खिंडीतली परळं भरून आली. म्हाताऱ्यानं बोटं बुडवली, आणि तशीच ठेवली. मग त्यानं सुनेचा हात ओढून परळात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"लागतात का?" तो म्हणाला.

"टोचतात," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी. टोचायला पाहिजेत."

तिथून कामाला तोंड फुटलं. नवरा खाली खणायचा, पाझरवायचा, आटवायचा, नखावरची परीक्षा आता त्याचं त्यालाच करावी लागे. ती डबे घेऊन चढायची, रिकामे डबे आणि ओला सोरा घेऊन उतरायची, आणि संध्याकाळची शेवटची खेप घेऊन म्हाताऱ्याजवळ मुक्कामाला यायची. कावडीनं खांदे सोलले. डबे इतके तापायचे की पोत्यातूनही बरगड्यांना चटका बसायचा आणि तोंडावर गार वारा, एकाच अंगात दोन ऋतू. एकदा नवराही खेपेला निघाला. चढावर त्याचा पाय मुरगळला, डब्याचं झाकण उडालं आणि कढत पाणी पावलावर आलं. त्यानं ओरडायच्या आधी डबा सरळ केला. पावलावर सोरा जमून पांढरा झाला होता. तो खरवडून काढताना कातडंही निघालं. त्यानंतर तो पायाला चिंध्या गुंडाळून चुलाणाशी लंगडत राहिला आणि सगळ्या खेपा तिच्यावर आल्या.

पोती मात्र भरू लागली. नवरा रोज त्यांच्यावरून हात फिरवायचा, अजून किती राहिलं ते मनाशी धरायचा.

आणि म्हातारा खोकायला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभर. खोपटीला दार नव्हतं. सरपण वर न्यावं तर डबे राहायचे, डबे न्यावेत तर सरपण राहायचं. आतली शेकोटी फार मोठी केली तर म्हातारा स्वतःच बोंबलायचा, की परळांना ऊब लागेल. तो परळांच्या रांगेशी घोंगडं गुंडाळून बसायचा. ज्या गारठ्यासाठी ते इथवर आले होते, तो गारठा परळांत आणि म्हाताऱ्यात सारखाच उतरत होता. हे तिला दिसत होतं. दिसत असूनही ती रोज डबे घेऊन वर येत होती.

तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. आबांना खाली आणू या, म्हणाली, मी एकटी बघते वरचं. नवऱ्यानं पोत्यांकडे पाहिलं. मग पायाच्या चिंध्या सोडून पुन्हा बांधल्या. म्हणाला, थोडंच राहिलंय, एवढा आठवडा जाऊ दे. त्यांनाच विचार, ते येणार नाहीत. तेही खरंच होतं. म्हाताऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की ढिगारा गेल्यावर मी खाली येऊन काय उजेड पाडू?

एके पहाटे ती उठली तेव्हा वारा पडला होता आणि गारठा दातांत शिरत होता. परळं काठोकाठ भरून आली होती. इतका सोरा त्या साली एकदाही आला नव्हता. सुया एकमेकींत गुंतून जाळी झाली होती, वर पाण्याची जेमतेम पातळ साय. म्हातारा पहिल्या परळाशी बसला होता. त्याचा हात मनगटापर्यंत आत होता.

"आबा, निथळायची ना?"

"थांब," म्हातारा म्हणाला. "नाही जमलं अजून. नुसतं पाणी आहे."

तिला आधी वाटलं, चेष्टा करतोय. तिनं वाकून पाहिलं. बोटं सुयांच्या जाळीत रुतलेली होती. दोन ठिकाणी टोचून रक्ताचा धागा पाण्यात उतरत होता. तो बोटं फिरवत होता, सुया मोडत होत्या, त्यांचा बारीक आवाज तिला ऐकू येत होता.

"नुसतं पाणी," तो पुन्हा म्हणाला. "आज काय झालंय कुणास ठाऊक. गारठा तर आहे."

तिनं त्याचा हात हळूच बाहेर काढला, पदरात घेतला. बोटांची टोकं निळी-काळी, कडक. तिनं अंगठ्याचं पेर दाबलं, करंगळीचं दाबलं. तो समोर उजेडाकडे तोंड करून बसला होता. त्याला काही कळलं नाही. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि कपाळ मात्र तव्यासारखं तापलं होतं.

पूर्वेचं पांढरं झालं होतं. आत्ता परळं निथळायला घेतली तर ऊन यायच्या आत आटोपली असती. तिला ठाऊक होतं की यानंतर फारसं राहणार नव्हतं. आजचं एवढं खाली गेलं की ठरलेला माल जवळजवळ पुरा होत होता. ती एका परळापाशी गेली, दोन्ही हातांनी त्याची कड धरली. मग म्हातारा खोकला. खोकता खोकता कुशीवर कलंडला आणि तसाच राहिला. तिनं परळ खाली ठेवलं.

त्याला झोळीत घालून पाठीशी बांधताना तो भानावर आला. परळं, म्हणाला. तिनं गाठ आवळली. त्यानं तिच्या खांद्यावर मुठी मारल्या, ऊन येतंय, म्हणाला, कुंभाराचे, ऊन येतंय. सोललेल्या खांद्यावर त्या मुठी तिला लागत होत्या. ती उतरत राहिली.

अर्ध्या वाटेवर नवरा भेटला. थोडंच राहिलं म्हणून त्याला धीर धरवला नाही, पहाटेच तो स्वतः कावड घेऊन लंगडत निघाला होता. तिला पाहून थांबला.

"परळं काढलीस?"

"नाही."

"भरली नाहीत?"

"भरलीत. काठोकाठ."

त्यानं वर खिंडीकडे पाहिलं. कड्याचं टोक उन्हानं पिवळं झालं होतं. त्याच्या तोंडाला शिवी आली असावी, ओठ हलले.

"बोटं गेलीत त्यांची," ती म्हणाली. "सोऱ्यात हात होता, आणि पाणी आहे म्हणाले."

नवरा उभाच राहिला. खांद्यावर कावड तशीच, दोन्ही डबे वाफा सोडत होते. मग त्यानं जवळ येऊन बापाचा लोंबणारा हात धरला, तळव्यात दाबला, परत झोळीत नीट ठेवला. तिला वाट दिली. ती वळणावर गेल्यावर तिनं मागं पाहिलं, तो चढत होता. पाय ओढत, जमेल तितक्या घाईनं.

तो संध्याकाळी उतरला. तो वर पोहोचेपर्यंत ऊन परळांवर आलेलं होतं. निम्म्याच्या वर सोरा पाण्यात परत गेला होता, आणि वाटेतल्या त्या थांबण्यात त्याच्या डब्यांतलं दाट पाणी जमून दगड झालं होतं. जे हाती लागलं ते फडक्यात बांधून आणलं होतं. ते त्यानं कोपऱ्यात ठेवलं, बापाच्या पायांशी बसला आणि पाय चोळत राहिला. तिच्याशी बोलला नाही. पुढचे कित्येक दिवस बोलला नाही. खिंडीत पुन्हा कुणी गेलं नाही. म्हातारा तापानं फणफणला होता, त्याला सोडून जाता येत नव्हतं, आणि नवऱ्याच्या पायाची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती.

मुकादम आला. त्यानं निखाऱ्यावर चिमूट टाकली, ती भपकन पेटली. माल उत्तम आहे, म्हणाला. पोती मोजली आणि मान हलवली. थोडक्यात गेलं, म्हणाला. माझ्या हातात असतं तर मी डोळेझाक केली असती. पाणी मागून प्यायला आणि गेला. काही दिवसांनी बंदराकडून पोत्यांची गाडी कारखान्याकडे गेली. गावातून जाताना धुरळा उडाला, तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

म्हातारा वाचला. छाती कायमची अधू झाली. हाताची बोटं राहिली, पण टोकांना जाणीव आली नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. सुनेच्या हातचं खायचा नाही, मुलानं भरवलं तरच. कुणी बघायला आलं की सांगायचा, कुंभाराच्या पोरीनं माझा ढिगारा बुडवला. ती चुलीशी बसून ऐकायची. तिनं एकदाही उलटून सांगितलं नाही की पोटच्या पोरानं तुम्हाला आणखी आठवडाभर वर ठेवला असता. नवऱ्याला कारखान्यात पोती उतरवायचं काम मिळालं. तीच बंदरावरची पोती. तो पहाटे लंगडत जायचा, अंधार पडता पडता यायचा. मग म्हाताऱ्याला दुपारचं भरवायला तिच्याशिवाय कुणी उरलं नाही. पहिले काही दिवस तो उपाशी राहिला. नंतर तोंड उघडू लागला, मान मात्र भिंतीकडेच.

उन्हं तापायला लागली तेव्हा एक दिवस ढिगाऱ्याकडून यंत्राची घरघर सुरू झाली. म्हातारा ओसरीवर बसला होता. त्यानं मान तिरकी करून ऐकलं. सून आतून येऊन दारात उभी राहिली.

"काय आहे ते?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. रस्ता करताहेत म्हणाली असती तर त्याला दिसणार थोडंच होतं.

"ढिगारा काढताहेत, आबा."

यंत्र मागं जायचं, थांबायचं, पुन्हा पुढं यायचं. माती कोसळल्याचा धप्प आवाज घरापर्यंत येत होता.

"वारा कुठून आहे?"

"तिकडूनच."

"मग धूळ येणार," तो म्हणाला. "कपडे वाळत घातले असशील, ते आत घे."

ती अंगणात गेली. दोरीवरून नवऱ्याचा सदरा, म्हाताऱ्याचं धोतर, आपलं लुगडं ओढून काढलं. ढिगाऱ्यावरून पहिला लोट उठून येत होता. ती घाईनं ओसरीवर चढली, तर म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले होते. तिनं कपडे त्याच्या हातांवर ठेवले. त्यानं ते मांडीवर घेतले, बोटांनी चाचपले, पुन्हा चाचपले.

"वाळलेत का गं?" त्यानं विचारलं.

"वाळलेत," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसून घड्या घालू लागली.